मधला चेंडू

दुहेरीच्या टेनिसमध्ये फटका मारायला सगळ्यात चांगली जागा कोणती, असं एखाद्या जुन्या खेळाडूला विचारा. तो कडेच्या रेषांकडे बोट दाखवणार नाही. दोघांच्या मधून मार, असं सांगेल. मधून चेंडू गेला की समोरचे दोघंही क्षणभर थबकतात. तो घेईल असं याला वाटतं, हा घेईल असं त्याला. नाहीतर दोघंही झेपावतात आणि रॅकेटवर रॅकेट आपटते. मुरलेल्या जोडीत असं होत नाही. तिथे तो चेंडू एकजण घेतो आणि दुसरा, चेंडू त्याच्याही हाताशी असताना, सोडून देतो.

टाळ्या घेणाऱ्याला मिळतात. मी मात्र सोडणाऱ्याकडे बघत आले आहे. पापणी लवायच्या आत त्यानं चेंडूची दिशा जोखलेली असते, जोडीदाराचे पाय कुठे आहेत ते पाहिलेलं असतं, त्याला फोरहँड मिळतोय की बॅकहँड याचा अंदाज घेतलेला असतो, आणि मग स्वतःचा पुढे निघालेला हात आवरलेला असतो. इतकं करून तो काहीच न केल्यासारखा दिसतो. आमच्या जिमखान्याच्या मातीच्या कोर्टांवर संध्याकाळी "सोड, सोड!" अशी हाक सारखी कानावर येते. सांगितल्यावर सोडणं आम्हा सगळ्यांना जमतं. न सांगता सोडणं फार थोड्यांना जमतं, आणि ज्यांना जमतं त्यांच्याबरोबर खेळताना आपण आपल्या कुवतीपेक्षा बरे खेळतो.

अशा माणसांतूनच उत्तम प्रशिक्षक निघतात, अशी माझी खात्री आहे. ती टिम गलिक्सन या माणसाच्या आयुष्यामुळे झाली.

टिम आणि टॉम गलिक्सन हे जुळे भाऊ. ८ सप्टेंबर १९५१ला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिसिसिपीकाठच्या ला क्रॉस या गावी जन्मले आणि शेजारच्या ओनालास्कात वाढले. हा कडक हिवाळ्याचा मुलूख. फ्लोरिडा-कॅलिफोर्नियातल्या मुलांसारखं बारमाही ऊन त्यांच्या वाट्याला आलं नाही. पण सरावाला जोडीदार मात्र घरातच होता. चेहरेपट्टी इतकी सारखी, की कोर्टावर रॅकेट कोणत्या हातात आहे ते बघावं: टिम उजव्या हातानं खेळायचा, टॉम डावखुरा.

आपल्याकडे शेतकरी बैल जुंपताना डाव्या अंगाचा आणि उजव्या अंगाचा बैल सहसा अदलाबदल करत नाही. वर्षानुवर्षं एका बाजूनं चाललेल्या जनावराच्या अंगात ती बाजू मुरलेली असते, आणि शेजारच्याच्या चालीचा अंदाजही. गलिक्सनांची जोडी मला तशी वाटते. टेनिसमध्ये डाव्या-उजव्याची जोडी लाभणं मोठं भाग्याचं मानतात, आणि त्याची कारणं अगदी जमिनीवरची आहेत. भर उन्हातल्या सामन्यात सर्व्हिससाठी चेंडू वर उडवला, की एका टोकाला सूर्य नेमका डोळ्यांत शिरतो. उजव्या हाताचा आणि डावखुरा यांचा चेंडू डोक्याच्या वेगवेगळ्या अंगांना वर जातो. त्यामुळे ज्या टोकाला एकाला ऊन खुपतं, त्या टोकाहून दुसऱ्यानं सर्व्हिस करायची. समोरच्यांना तर दर गेमला चेंडूची उलटी वळणं सोसावी लागतात. मात्र मधला चेंडू अशा जोडीला जास्तच पेचात टाकतो. कोर्टाच्या बाजू कशाही वाटून घ्या, मधे एकतर दोघांचेही फोरहँड येतात, नाहीतर दोघांचेही बॅकहँड. अमक्याचा फोरहँड म्हणून अमक्याचा चेंडू, हा सोपा नियम तिथे चालत नाही. दर वेळी एकानं दुसऱ्याला ओळखूनच सोडावं लागतं.

१९८३ साली हे दोघं भाऊ विम्बल्डनच्या दुहेरीच्या अंतिम फेरीत पोचले. समोर जॉन मॅकेन्रो आणि पीटर फ्लेमिंग, म्हणजे त्या काळातली सगळ्यांत बलाढ्य जोडी. गलिक्सन ६-४, ६-३, ६-४ असे हरले. दोघांनी मिळून ग्रँड स्लॅमच्या विजेतेपदाच्या याहून जवळ जाणं पुढे झालं नाही. टॉमनं १९८४ला मान्युएला मालीवाबरोबर अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. टिम एकेरीतही लेचापेचा नव्हता. जागतिक क्रमवारीत पंधराव्या स्थानापर्यंत चढला होता, आणि १९७९च्या विम्बल्डनमध्ये त्यानं मॅकेन्रोला चौथ्या फेरीत सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवलं होतं. दोनच वर्षांनी, १९८१च्या पहिल्या फेरीत, मॅकेन्रोच्या समोर टॉम होता. पंचांवर मॅकेन्रो जो भडकला आणि ज्याची चित्रफीत आजही जगभर फिरते, तो सामना हाच. त्या चित्रफितीत जाळीपलीकडे शांतपणे पुढच्या गुणाची वाट बघणारा माणूस टॉम गलिक्सन आहे, हे किती जणांच्या लक्षात येत असेल! मी ती चित्रफीत बघते तेव्हा माझे डोळे त्या वाट बघणाऱ्यालाच शोधतात.

दुहेरी खेळणाऱ्यांच्या वाट्याला असं दुसऱ्याच्या चित्रात असणं फार येतं. सामने बाहेरच्या छोट्या कोर्टांवर, बक्षिसाची रक्कम एकेरीपेक्षा कितीतरी कमी, आणि वेळापत्रक अडलं की कात्री पहिल्यांदा दुहेरीला. पुरुष टेनिसची संघटना एटीपी, तिनं दुहेरीतला पूर्ण तिसरा सेट काढून तिथे दहा गुणांचा टायब्रेक आणला. विम्बल्डननं २०२३पासून पुरुष दुहेरी पाच सेटांची तीन सेटांवर आणली. मला हे बघून वाईट वाटतं, आणि भारतीय म्हणून जरा जास्तच वाटतं. आपल्या खेळाडूंनी मोठ्यांच्या गटातली ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली ती सगळी दुहेरीत नाहीतर मिश्र दुहेरीत. लिअँडर पेस आणि महेश भूपती १९९९ साली चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत गेले आणि पॅरिस, विम्बल्डन जिंकून आले. त्याआधी १९९२च्या विम्बल्डनमध्ये मुलांच्या दुहेरीची अंतिम फेरी भूपतीनं गाठली, तेव्हा त्याच्या शेजारी आपला पुण्याचा नितीन कीर्तने होता, आणि ती लढत तिसऱ्या सेटमध्ये ९-७ अशी निसटली. हे पुण्यातल्या टेनिसप्रेमींना तरी तोंडपाठ असायला हवं.

खेळणं संपल्यावर टिम शिकवू लागला. मार्टिना नवरातिलोवासारखी खेळाडू त्याच्याकडून सल्ला घेत होती. मग १९९२ साली तो पीट सॅम्प्रसबरोबर काम करू लागला.

पीट तेव्हा विशीचा. एकोणिसाव्या वर्षी, १९९०ला, त्यानं अमेरिकन ओपन जिंकली होती, पण पुढे दुसरं मोठं विजेतेपद हाती लागत नव्हतं. आणि हिरवळीशी त्याचं अजिबात जमत नव्हतं. आज हे वाचताना खरं वाटत नाही, कारण विम्बल्डन म्हटलं की सातदा करंडक उंचावणारा पीटच डोळ्यांपुढे येतो. पण सुरुवातीला तो तिथे १९८९ला पहिल्या फेरीत हरला, १९९०ला पहिल्या फेरीत हरला आणि १९९१ला दुसऱ्या. आता पहिल्या दोन पराभवांत त्याला कुणी हरवलं ते बघा. १९८९ला टॉड वुडब्रिजनं, जो पुढे विम्बल्डनची पुरुष दुहेरी नऊ वेळा जिंकणार होता. १९९०ला दक्षिण आफ्रिकेच्या ख्रिस्तो व्हान रेन्सबर्गनं, जो १९८५च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा दुहेरीतला विजेता होता. म्हणजे गवतावर कसं खेळावं हा धडा पीटला पहिल्यांदा दुहेरीच्या खेळाडूंनीच दिला होता. टिम आला तो त्या धड्याचा अर्थ समजावून सांगायला.

अर्थ साधाच होता. हिरवळीवर चेंडू खाली राहतो, घसरतो आणि कधी भलतीकडेच उडतो. पीट हार्ड कोर्टावर वाढलेला. तो रॅकेट लांब मागे नेऊन जोरकस फटका मारायचा, आणि गवतावर तोवर चेंडू अंगावर आलेला असायचा. चिडचिड व्हायची ती वेगळीच. टिमनं त्याला परतीच्या फटक्यात रॅकेट कमी मागे न्यायला शिकवलं. चेंडू अडव, खाली ठेव, सर्व्हिस करून पुढे धावत येणाऱ्याला त्याच्या पायांपाशी व्हॉली करायला लाव. समोरच्याला एक अवघड चेंडू खेळायला लावलास तर पुढचा चेंडू तुझा. दुहेरीत हीच रीत असते. तिथे परतीचा फटका दिमाखदार असून भागत नाही. जाळीपाशी दुसरा गडी टपून बसलेला असतो, त्याच्या हातात चेंडू न देता तो खाली, आडवा, आखूड परतवावा लागतो. टिमनं हे काम वर्षानुवर्षं केलं होतं. त्याच्या स्वतःच्या सर्व्हिसमध्ये पीटच्या सर्व्हिसची जरब नव्हती, म्हणूनच मोजक्या दारूगोळ्यात चेंडू कसा वाचवायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. निसर्गानं भरभरून दिलेल्या मुलाला काटकसरीचे हात देणं, असं मी त्या शिकवण्याचं वर्णन करीन.

१९९२ला पीट विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि गोरान इव्हानिसेविचच्या सर्व्हिसखाली चिरडला गेला. १९९३ला जिम कुरियरला हरवून त्यानं ते जिंकलं. त्याच वर्षी अमेरिकन ओपन, १९९४ला ऑस्ट्रेलियन ओपन आणि पुन्हा विम्बल्डन. पीटच्या चौदा ग्रँड स्लॅम विजेतेपदांपैकी ही चार टिमच्या हाताखाली आली.

प्रेक्षकांत बसलेल्या प्रशिक्षकाबद्दल मला नेहमी हुरहूर वाटते. त्या काळी सामना चालू असताना त्यानं खेळाडूला काही सांगणं नियमाबाहेर होतं. एटीपीनं प्रेक्षकांतून सूचना द्यायची मुभा प्रायोगिक म्हणून दिली ती २०२२ साली, आणि नियमपुस्तकात ती रीतसर आली २०२५च्या सुरुवातीला. तेव्हा टिमच्या वाट्याला आलेलं बसणं म्हणजे निव्वळ बसणं होतं. पीटचा खांदा लवकर उघडतोय, पाय मागे पडताहेत, समोरचा सलग तीन गेम बॅकहँडच्या बाजूलाच सर्व्हिस करतोय, हे सगळं दिसायचं आणि गिळायचं. दुहेरीत निदान अर्धं कोर्ट आपलं असतं. इथे एकही चेंडू आपला नाही. सगळेच सोडायचे. एकेरीत राज्य केलेल्या पुष्कळ मोठ्या खेळाडूंना हे सोसत नाही. हात शिवशिवतो, आपण असतो तर कसा मारला असता हे मनातून हटत नाही. जो माणूस पंधरा-सतरा वर्षं भावासाठी चेंडू सोडत आला होता, त्याला ते बसणं इतरांपेक्षा हलकं गेलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

१९९४च्या शरद ऋतूत स्टॉकहोममध्ये टिमला हॉटेलात पहिला झटका आला. पडला, लागलं. तपासण्या झाल्या आणि नेमकं निदान झालं नाही. मग १९९५चा जानेवारी, ऑस्ट्रेलियन ओपन. पीट गतविजेता. स्पर्धा चालू असतानाच टिम पुन्हा कोसळला. त्याला मेलबर्नमधल्या इस्पितळात नेलं आणि पुढच्या तपासण्यांसाठी अमेरिकेला परत पाठवायचं ठरलं. पीट मागे राहिला, कारण उपांत्यपूर्व फेरी खेळायची होती. समोर जिम कुरियर.

तो सामना मेलबर्नच्या मध्यरात्रीनंतर संपला तेव्हा आपल्याकडे दिवेलागण झालेली होती. केबल टीव्ही घरोघरी येऊन फार काळ लोटला नव्हता, आणि विम्बल्डनखेरीज इतर स्पर्धाही थेट बघता येतात याचं अप्रूप ओसरलेलं नव्हतं. पीट पहिले दोन सेट टायब्रेकवर हरला. तिसरा जिंकला. चौथा जिंकला. पाचव्याच्या सुरुवातीला प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, की आपल्या प्रशिक्षकासाठी जिंक. आणि पीट सॅम्प्रस, ज्याच्या चेहऱ्यावर कधी काही उमटत नाही अशी वर्तमानपत्रांची कायमची तक्रार होती, तो रडायला लागला. खुर्चीत बसून टॉवेलात तोंड खुपसून रडला. उठून सर्व्हिसच्या रेषेवर गेला, तरी डोळे गळत होते. चेंडू जमिनीवर आपटून घ्यायचा, थांबायचा, पुन्हा आपटायचा. आणि मग सर्व्हिस आत पडायची, कुणाला रॅकेटही लावता येणार नाही अशी. समालोचक काही वेळ बोलायचेच थांबले होते.

समोरून कुरियरनं हाक दिली, की बरा आहेस ना, हवं तर उद्या खेळू. त्या वाक्याची खूप चर्चा झाली. काहींना ते टोचणारं वाटलं, पीटलाही त्या घटकेला तसंच वाटलं म्हणतात. मला त्यात काळजीच ऐकू आली, आणि त्याचं एक कारण आहे. १९८९ साली रोममध्ये इटालियन ओपनची दुहेरी ज्या दोन कोवळ्या अमेरिकन पोरांनी जिंकली, ती पीट सॅम्प्रस आणि जिम कुरियर ही होती. जाळीपलीकडून विचारणारा माणूस एकेकाळचा जोडीदार होता. शेजारच्याच्या श्वासाकडे लक्ष द्यायची सवय एकदा लागली की तो समोर उभा राहिला तरी ती सुटत नसावी.

६-७, ६-७, ६-३, ६-४, ६-३. पीट जिंकला. पुढे अंतिम फेरीत आंद्रे अगासीकडून हरला, पण त्या स्पर्धेतली आठवण म्हणून लोक हाच सामना सांगतात. आम्ही टीव्हीसमोर बसलेल्यांनी त्या संध्याकाळी एक नवी गोष्ट पाहिली. एवढा मोठा एकेरीचा खेळाडू एकटा खेळत नव्हता, कधीच एकटा खेळला नव्हता, आणि शेजारची जागा रिकामी झाल्यावर ते जगाला दिसलं.

टिमच्या मेंदूत गाठी असल्याचं निदान झालं. उपचार सुरू झाले. आता पीटबरोबर फिरायला कोण, हा प्रश्न होता. जो आला तो पॉल अ‍ॅनाकोन. आणि अ‍ॅनाकोन कोण? दुहेरीत जगातल्या तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेला खेळाडू. १९८५ची ऑस्ट्रेलियन ओपन त्यानं ज्याच्याबरोबर जिंकली तो जोडीदार म्हणजे ख्रिस्तो व्हान रेन्सबर्ग, पीटला विम्बल्डनमधून पहिल्याच फेरीत घालवणारा. टेनिसच्या जगातले हे धागे असे आतून गुंतलेले असतात आणि दुहेरीच्या यादीकडे कुणी बघत नाही म्हणून ते दिसत नाहीत.

अ‍ॅनाकोनची त्या काळातली वागणूक मला फार मोलाची वाटते. जगातल्या अव्वल खेळाडूचा प्रशिक्षक होण्याची संधी समोर असताना तो मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा राहिला. पदावर नाव टिमचंच होतं. टिम इलिनॉयमधल्या घरी उपचार घेत होता, टीव्हीवर सामने बघत होता, फोनवर बोलत होता. आणि अ‍ॅनाकोन त्या दोघांच्या मधे, एकाचं दुसऱ्याला पोचवत. स्वतःची छाप उमटवायची घाई नाही, आधीच्याची पुसायची तर नाहीच. चेंडू त्याच्याही टप्प्यात होता. त्यानं तो टिमसाठी सोडला. १९९५ला पीटनं बोरिस बेकरला हरवून सलग तिसरं विम्बल्डन जिंकलं आणि सप्टेंबरात अगासीला हरवून अमेरिकन ओपन. टिमनं ती दोन्ही घरून पाहिली. गलिक्सन भावांनी मेंदूच्या गाठीच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी प्रतिष्ठान काढलं, तेही या दिवसांतच.

३ मे १९९६ला टिम गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता.

त्या उन्हाळ्यात पीट पॅरिसला उपांत्य फेरीपर्यंत कसाबसा ओढत गेला आणि तिथे गळून पडला. विम्बल्डनही हातचं गेलं. अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत अ‍ॅलेक्स कोरेचाविरुद्ध पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये तो कोर्टाच्या कडेला वाकून ओकला. पाय लटपटत होते, रॅकेटचा आधार घेऊन उभा राहत होता, आणि तरी ९-७ असा टायब्रेक जिंकला. रविवारी त्यानं अंतिम फेरीत मायकेल चँगला हरवलं. तो दिवस ८ सप्टेंबरचा होता. टिम असता तर त्या दिवशी पंचेचाळीस वर्षांचा झाला असता. पीटनं ते विजेतेपद त्याच्या नावानं दिलं. योगायोगांवर माझा एरवी फारसा जीव नाही, पण या एका तारखेपुढे मला नेहमी हात जोडावेसे वाटतात.

अ‍ॅनाकोन पुढे रीतसर प्रशिक्षक झाला. त्याच्याबरोबर पीटनं एकूण नऊ ग्रँड स्लॅम जिंकली. २००१च्या अखेरीस दोघं वेगळे झाले, आणि तेव्हा पीटनं बोलावलं ते टॉमला. तो मेळ काही महिन्यांपलीकडे टिकला नाही. तसाच चेहरा, तसाच आवाज, त्याच घरातले संस्कार असलेला माणूस रोज सरावाला समोर उभा. दोघांनाही ते कसं गेलं असेल याचा विचार केला तरी गलबलून येतं. त्यानंतर काही काळ होजे इगेरास आला आणि २००२च्या उन्हाळ्यात पीटनं पुन्हा अ‍ॅनाकोनलाच हाक मारली. काही महिन्यांपूर्वी दूर केलेला माणूस मानापमान न धरता परत आला. लोक निवृत्तीच्या गोष्टी करत होते. पीटनं अमेरिकन ओपन जिंकली, अंतिम फेरीत अगासीला हरवून, आणि तो त्याचा शेवटचा सामना ठरला. हाच अ‍ॅनाकोन २०१०पासून तीनेक वर्षं रॉजर फेडररबरोबर होता. २०१२ला फेडररनं सातवं विम्बल्डन जिंकून पीटची बरोबरी केली, तेव्हाही प्रेक्षकांत प्रशिक्षकाच्या जागी दुहेरीतला हा जुना गडी बसला होता.

टॉमबद्दल मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. १९९४पासून तो अमेरिकेच्या डेव्हिस कप संघाचा कर्णधार होता. डेव्हिस कपमध्ये कर्णधाराला कोर्टावर खुर्ची मिळते आणि बाजू बदलताना खेळाडूशी बोलायची परवानगी असते. टिमला ज्या बोलण्याची मुभा कधी मिळाली नाही, ते त्याच्या जुळ्या भावाला पीटशी बोलता येत होतं. डिसेंबर १९९५ला मॉस्कोत रशियाविरुद्ध अंतिम लढत झाली. रशियनांनी मुद्दाम संथ मातीचं कोर्ट घातलं होतं, पीटला सगळ्यात नावडतं. टिम तेव्हा हयात होता, घरी, आजारी. शुक्रवारी पीटनं आंद्रेई चेस्नोकोव्हला पाच सेटमध्ये हरवलं आणि शेवटचा गुण झाल्यावर पायांत गोळे येऊन तिथेच आडवा झाला. दोघांनी धरून त्याला ओढत आत नेलं. दुसऱ्या सामन्यात रशियाच्या काफेल्निकोव्हनं कुरियरला हरवलं. बरोबरी झाली.

शनिवारी दुहेरी होती. टॉमनं त्यात पीटला उतरवलं. बरोबर टॉड मार्टिन, ज्याच्याबरोबर त्याच उन्हाळ्यात लंडनला क्वीन्स क्लबच्या हिरवळीवर पीटनं दुहेरी जिंकली होती. रोममध्ये कुरियरबरोबर आणि क्वीन्सला मार्टिनबरोबर, दुहेरीची पीटच्या नावावरची विजेतेपदं एवढीच. आदल्या दिवशी ज्याला उचलून न्यावं लागलं, त्याला अर्धं कोर्ट द्यायचं आणि उरलेलं मार्टिननं सांभाळायचं, हा निर्णय दुहेरी अंगात भिनलेला माणूसच घेऊ शकतो. काफेल्निकोव्ह आणि ओल्हॉव्स्की यांना त्या दोघांनी ७-५, ६-४, ६-३ असं हरवलं. रविवारी पीटनं काफेल्निकोव्हला एकेरीतही हरवलं आणि कप अमेरिकेला गेला. सगळे त्या रविवारबद्दल लिहितात. माझ्या मते तो कप शनिवारी जिंकला गेला, आणि जिंकून देणारा माणूस खुर्चीत बसलेला होता.